मोटरसायकलचं हँडल बदलायचंय? आधी मोजपट्टी, मग दुकान

उभी केलेली मोटरसायकल पडणं हा सगळ्यांत लाजिरवाणा अपघात. वेग शून्य, कोणाला खरचटत नाही, फक्त बघणारे चार लोक असतात. गेल्या वसंतात इथे जर्मनीत माझी इंटरसेप्टर ६५० अशीच पडली. ओल्या मातीत साइड स्टँड हळूहळू रुतला आणि गाडी डावीकडे आडवी झाली. क्लच लिव्हरचं टोक तुटलं, आरसा फिरला आणि डावी मूठ बोटभर मागे आली.

संध्याकाळी सांगलीच्या मामांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी आयुष्यभर बुलेट चालवली आहे. ते म्हणाले, "एवढंच ना? पाइप घाल, पायानं टाकी दाबून धर आणि ओढ. माझं हँडल दोनदा सरळ केलंय." मी तळघरातून पाइप आणलासुद्धा. धातूंवर संशोधन करून पीएचडी मिळवलेला माणूस पाइप हातात घेऊन उभा होता, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की मामांचं हँडल पोलादाचं आहे आणि माझं अ‍ॅल्युमिनियमचं. (गाडी जुनी घेतली होती. मूळ हँडल आधीच्या मालकाने काढून टाकलं होतं.)

पाइप परत ठेवला. मग नवीन हँडल शोधताना जे गणित केलं, ते इथे मांडतो. तुमची गाडी वेगळी असेल, पण गणित तेच.

सुरुवात या प्रश्नाने करू: हँडलवर जोर पडतो तरी किती? आपण म्हणतो हँडल वळवण्यासाठी असतं. पण वेगात असताना ते जेमतेम काही अंश फिरतं. त्याच्यावर मोठा भार येतो तो ब्रेक मारताना. समजा, तुमचं वजन ७० किलो आहे आणि तुम्ही जोरात ब्रेक मारलात, गुरुत्व त्वरणाच्या ०.८ पट. तुमचं शरीर पुढे जायला बघतं आणि त्याला थांबवायला सुमारे ५५० न्यूटन बल लागतं. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरली असेल तर बराच भार तिकडे जातो. नसेल धरली, तर सगळा हातांवर, म्हणजे प्रत्येक हातावर २७५ न्यूटन, जवळपास २८ किलो. मूठ क्लॅम्पपासून २८ सेंटिमीटर लांब आहे असं धरा. क्लॅम्पच्या कडेशी ७७ न्यूटन-मीटरचं वाकवणारं आघूर्ण येतं. पान्याने बोल्ट आवळताना जेवढा पीळ देतो त्याच्या तिप्पट.

आता नळीकडे बघू. २२ मिलिमीटर बाह्य व्यासाची, २ मिलिमीटर जाड भिंतीची पोलादी नळी घेतली तर क्लॅम्पच्या कडेला सुमारे १३० मेगापास्कल ताण येतो. साधं पोलाद २५० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं, म्हणजे दुपटीची शिल्लक आहे. माझ्या वाकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हँडलची भिंत नंतर करवतीने कापून मोजली, ४ मिलिमीटर भरली. त्यात तोच ताण ८७ मेगापास्कल येतो. ६०६१ नावाचं मिश्रधातू, टी-६ अवस्थेत, सुमारे २७५ ला वाकतं. इथे तर तिपटीची शिल्लक! मग अ‍ॅल्युमिनियमला घाबरायचं कशाला?

कारण धातू एका फटक्यात मोडतो तसा तो थकूनही मोडतो. एकोणिसाव्या शतकात प्रशियातल्या रेल्वेगाड्यांचे आस अचानक तुटत. रोज तोच भार वाहणारे, वरून धडधाकट दिसणारे आस. ऑगस्ट व्योलर या अभियंत्याने वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन दाखवलं की एका वेळी सहज पेलणारा ताण लाखो वेळा दिला तर धातूला तडा जातो. त्याच्या नावाचे आलेख आम्ही आजही प्रयोगशाळेत काढतो. त्या आलेखात पोलादाची रेघ एका पातळीला येऊन जवळजवळ आडवी होते. त्या पातळीखालचा ताण कितीही वेळा द्या, पोलाद साधारणपणे टिकतं. अ‍ॅल्युमिनियमची रेघ मात्र आडवी होत नाही. ती उतरतच राहते. ६०६१ टी-६ साठी ५० कोटी आवर्तनांना सुमारे ९७ मेगापास्कल हा आकडा पुस्तकांत दिलेला असतो. माझे ८७ त्याच्या खाली आहेत, आणि इतका जोरात ब्रेक आपण ५० कोटी वेळा काही मारत नाही. म्हणजे चांगलं, न वाकलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हँडल सुरक्षितच आहे. गोष्ट बिघडते ती ओरखड्याने, भोकाने आणि वाकवून सरळ करण्याने.

घरी एक टाचणी वाकवा आणि पुन्हा सरळ करा. ती पहिल्यासारखी होत नाही, वाकलेल्या जागी छोटा उंचवटा राहतो. तिथला धातू वाकताना कडक झालेला असतो, म्हणून सरळ करताना शेजारचा भाग वाकतो. हँडलचंही तेच होतं, आणि वाकतं नेमकं क्लॅम्पच्या कडेला, म्हणजे ब्रेकचा ताण सर्वांत जास्त असतो तिथेच. साधं पोलाद तुटण्याआधी खूप ताणलं जातं, म्हणून मामांचं हँडल दोनदा सरळ होऊनही चाललं. (मी तरी ते बदला असंच सांगेन. नवीन पोलादी हँडल गाडीच्या एका टायरपेक्षा स्वस्त येतं.) टी-६ अ‍ॅल्युमिनियममध्ये ताणलं जाण्याची क्षमता त्यापेक्षा बरीच कमी असते. सरळ करताना आत सूक्ष्म तडे पडले तर वरच्या रंगाखाली ते दिसत नाहीत. दिसतात ते पुढच्या एखाद्या घाटात, अर्धं हँडल हातात आल्यावर.

आणि गॅसने तापवून सरळ करणं त्याहून वाईट. या मिश्रधातूची ताकद उष्णोपचारातून येते. आधी ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात झटकन थंड करतात, मग १६० ते १८० अंशांवर काही तास ठेवतात. त्या काही तासांत धातूच्या आत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि तेच धातूला वाकू देत नाहीत. ज्योत लावली की हे कण मोठे होतात, विरतात, आणि ताकद जाते. पूर्ण मऊ झालेलं ६०६१ जेमतेम ५५ मेगापास्कलला वाकतं, म्हणजे पाचव्या हिश्शाला. ब्रेकचे ८७ आठवतात ना? शिवाय पोलाद तापल्यावर लाल होऊन सांगतं, अ‍ॅल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाही. तेव्हा वाकलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हँडल कापा आणि भंगारात द्या. न कापता टाकलंत तर कोणीतरी उचलून ते लावेल.

आता खरेदी. दुकानात गेलात की पहिला शब्द ऐकू येतो "फॅट बार". बहुतेक जपानी आणि भारतीय गाड्यांचं हँडल २२ मिलिमीटरचं असतं, हार्ली-डेव्हिडसनसारख्यांचं २५.४ चं, आणि फॅट बार क्लॅम्पपाशी २८.६ मिलिमीटरचा असून मुठीकडे निमुळता होत पुन्हा २२ वर येतो. नळीचा कणखरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. भिंतीची जाडीही त्याच प्रमाणात वाढवली तर २२ वरून २८.६ ला गेल्यावर कणखरपणा पावणेतीन पट होतो आणि ताकद दुपटीहून थोडी जास्त. उड्या मारत मातीत गाडी चालवणाऱ्यांना हे हवंच. पण त्यासाठी क्लॅम्पही बदलावे लागतात. शहरात आणि हायवेवर चालवणाऱ्याला ही ताकद कधी वापरायला मिळणार?

वजनाचंही तसंच. माझ्या दोन नळ्यांचं गणित केलं तर अ‍ॅल्युमिनियमने साधारण ३५० ग्रॅम वाचतात. दोनशे किलोंच्या गाडीत. सकाळचा चहा-नाश्ता टाळून तेवढंच वाचेल. माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीला २२ मिलिमीटरचं पोलादी हँडल उत्तम, आणि वाचलेले पैसे पुढच्या टायरसाठी ठेवा.

धातूपेक्षा आकार जास्त महत्त्वाचा आहे आणि लोक सगळ्यांत कमी लक्ष त्याच्याकडे देतात. छोटा प्रयोग करा. दोन्ही हातांत एकेक पेन्सिल मुठीत धरा, डोळे मिटा, गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करा, खांदे सैल सोडा. डोळे उघडून बघा. पेन्सिली एका सरळ रेषेत नसतील. त्यांची बाहेरची टोकं थोडी तुमच्याकडे वळलेली आणि थोडी खाली झुकलेली असतील. तुमच्या मनगटाचा तो नैसर्गिक कोन आहे. मुठींचा कोन त्याच्या जितका जवळ, तितकं मनगट सुखी. अगदी सरळ हँडल मनगटाला बाहेर वळवतं, फार मागे वळलेलं हँडल कोपर बरगड्यांत आणतं.

बोटांना मुंग्या कुठे येतात तेही लक्षात ठेवा. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या करंगळीकडच्या टाचेवर दाब येतोय, तिथून अल्नार नस जाते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मीडियन नस दबते, बहुधा मनगट वर किंवा खाली मुडपल्यामुळे. गाडीवरून उतरल्यावर तासाभरात बरं वाटत नसेल तर हँडलचं दुकान नको, डॉक्टर गाठा.

आणि इथे एक फुकटचा उपाय. हँडल क्लॅम्पमध्ये फिरवता येतं. बोल्ट सैल करून ते दोन-चार अंश पुढे-मागे फिरवा, लिव्हर असे लावा की बोटं ठेवल्यावर मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल, आणि आठवडाभर चालवून बघा. अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो. नवीन हँडलची गरजच उरत नाही.

उंचीचं काय? याचं उत्तर तुम्ही कुठे चालवता यावर आहे. रॉयल एन्फील्डची इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेन्टल जीटी या दोन गाड्यांचं ६४८ सीसीचं इंजिन एकच. पण पहिलीला उंच, रुंद हँडल, तर दुसरीला फोर्कच्या नळ्यांवर बसवलेल्या खालच्या मुठी. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये जीटीवर अर्ध्या तासात मनगटं बोलायला लागतात, कारण पुढे झुकलेल्या धडाचं वजन हातांवर. आता हायवेवर चला. विंडशील्ड नसेल तर ताठ बसलेल्या माणसाच्या छातीवर ताशी ५० किलोमीटरला वाऱ्याचा जोर साधारण ४ किलोंचा असतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १३० ला, म्हणजे जर्मन ऑटोबानवर शिफारस केलेल्या वेगाला, तो २८ किलोंच्या घरात जातो. (धडाचं समोरचं क्षेत्रफळ ०.३५ चौरस मीटर धरून केलेला हा माझा ढोबळ हिशोब आहे.) झुकलेल्या माणसाला तोच वारा उशीसारखा आधार देतो आणि मनगटं मोकळी होतात. उंच हँडलवाला मात्र तासन् तास हँडलला लोंबकळत असतो. म्हणून "आरामदायक हँडल" असं काही नसतं. अमुक वेगाला आरामदायक असं असतं. आणि पायांच्या जागेचं भान ठेवा. जीटीमध्ये मुठी खाली गेल्या तसे फूटरेस्टही मागे गेले आहेत. फूटरेस्ट जागेवर ठेवून फक्त हँडल खाली आणलंत तर कंबरेचा कमान होतो.

रुंदीचा हिशोब तरफेचा. ७० सेंटिमीटरवरून ८० वर गेलात तर वळवायला साधारण १२ टक्के कमी जोर लागतो, पण हात तितकाच जास्त फिरवावा लागतो. वेगात डावीकडे वळायला आपण नकळत डावी मूठ किंचित पुढे ढकलतो. रुंद हँडलवर हा हलका धक्काही पुरतो. पण वाऱ्याने हललेले तुमचे खांदेही गाडीला तेच धक्के देतात. गर्दीत दोन रिक्षांच्या मधून जाण्याचा प्रश्न वेगळाच.

कंपनांचं थोडक्यात सांगतो. हँडलचं प्रत्येक टोक म्हणजे एका बाजूने पकडलेली पट्टी, तिला स्वतःची वारंवारता असते. माझ्या हिशोबात २२ च्या पोलादी नळीची, मूठ आणि लिव्हरच्या वजनासह, ७० हर्ट्झच्या आसपास येते. इंजिनाचे मिनिटाला ४२०० फेरे म्हणजे नेमके ७० हर्ट्झ! अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची ५५ च्या आसपास, म्हणजे ३३०० फेरे. तुमच्या रोजच्या वेगाला इंजिन जितके फेरे घेतं त्याच्याशी हा आकडा जुळला तर बोटं झिणझिणणार. टोकांना लावलेली वजनं शोभेची नसतात, ती ही वारंवारता खाली ओढतात. ती काढून टाकू नका. आणि नवीन हँडल घेताना आतला व्यास बघा. जाड भिंतीच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये तो १४ मिलिमीटर, पातळ पोलादी नळीत १८, त्यामुळे जुनी वजनं नव्यात बसतीलच असं नाही.

आता मोजपट्टी. जुनं हँडल काढून सपाट टेबलावर ठेवा आणि पाच आकडे लिहा: टोकापासून टोकापर्यंत रुंदी, क्लॅम्पपासून मुठीच्या टोकाची उंची, क्लॅम्पपासून टोक किती मागे येतं, मधल्या सरळ भागाची लांबी, आणि क्लॅम्पपाशी व्यास. मग ठरवा कोणता आकडा किती बदलायचा. २० ते ३० मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, गाडीवर तो वेगळी गाडी झाल्यासारखा वाटतो. उंची मोजण्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, कोणी नळीच्या मध्यापासून मोजतं, कोणी वरच्या कडेपासून. चित्र बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

कायद्याचंही बघा. जर्मनीत हँडलसोबत मान्यतेचा कागद लागतो, नाहीतर गाडीची रस्त्यावरची परवानगीच रद्द ठरू शकते. काही कागद फक्त जवळ बाळगायचे असतात, काहींसाठी तपासणी करून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये बदल विमा कंपनीला कळवा. कॅलिफोर्नियात मुठीवरचे हात खांद्यांपासून सहा इंचांहून वर नसावेत. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाहनातल्या फेरफारांबद्दल आहे, ते वाचा.

बसवताना जीव जातो तो हँडलच्या नव्हे, केबलच्या चुकीने. उंच किंवा रुंद हँडल म्हणजे लांब वाट, आणि जुन्या वायरी तेवढ्याच लांबीच्या. गाडी न्यूट्रलला सुरू ठेवून हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही इंजिनाचा आवाज वाढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. असं हँडल घेऊन तुम्ही यू-टर्न मारलात तर गाडी स्वतःहून पुढे उडी घेईल. प्रत्येक टोकाला मूठ पिळून सोडा, ती आपोआप झटक्यात परत आली पाहिजे. ब्रेकचा पाइप मात्र पुढचं चाक जमिनीपासून उचलून तपासा, कारण फोर्क पूर्ण लांबल्यावर तो सर्वांत जास्त ताणला जातो. पूर्ण वळवल्यावर मूठ आणि टाकी यांच्यात अंगठा चिरडणार नाही एवढी जागा हवी. ब्रेक ऑइलची डबी आडवीच राहिली पाहिजे.

स्विचच्या डबीला आतून एक खुंटी असते, तिच्यासाठी जुन्या हँडलला भोक असतं. नव्याला पाडायचं का? गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे कीर्श यांनी १८९८ मध्ये दाखवलं. सुदैवाने भोक मुठीजवळ असतं आणि तिथे वाकवणारं आघूर्ण कमी असतं, माझ्या हिशोबाने तिप्पट होऊनही ताण ९० च्या आसपास जातो. तरीही हँडल बनवणाऱ्याच्या कागदात परवानगी असेल तरच पाडा, आणि क्लॅम्पजवळ तर कधीच नाही. अनेक जण खुंटीच घासून टाकतात, मीही तेच केलं.

क्लॅम्पच्या कडा धारदार असतील तर बारीक पॉलिश पेपरने मोडा. धारेने पडलेला ओरखडा म्हणजे तड्याचं बी. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, आठ मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटर. काही क्लॅम्पवर ठिपका असतो, त्या बाजूचे बोल्ट आधी पूर्ण आवळायचे आणि फट दुसऱ्या बाजूला राहू द्यायची, तर काहींत फट दोन्हीकडे सारखी ठेवायची असते. शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा रेंच लावा.

मी शेवटी पोलादी हँडल घेतलं, मूळच्यापेक्षा १५ मिलिमीटर मागे येणारं. मामांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "छान. जुनं इकडे पाठव, मी सरळ करून घेतो." त्यांना कापलेल्या तुकड्यांचा फोटो पाठवला आहे.